वरून तिसरी ओळ

आमच्या सासूबाई बरकतपुऱ्यातल्या शेजारणींना कौतुकाने सांगायच्या, "सून कंप्युटरच्या कंपनीत मेन्यू बनवते." त्यातल्या एकीने मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, नातीच्या बारशाला पन्नास माणसं आहेत, तुमची कंपनी घरी येऊन करून देते का. मी तिला पायरीवर उभ्या उभ्या माझं काम समजावून सांगितलं. सगळं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे स्वयंपाक नाही, नुसती यादी."

अठ्ठावीस वर्षं मी नुसती यादी केली. निवृत्त होऊन आता तीन वर्षं झाली. दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या कामाबद्दल काहीतरी लिहा" म्हटलं तेव्हा काय लिहावं हे कळेना. कंपन्या कोणत्या, बढत्या कधी, हे कोणाला वाचायचंय. एक प्रसंग मात्र आहे, ज्याचा मला अजून उलगडा होत नाही. तोच लिहिते. पण त्याआधी ती यादी म्हणजे काय ते सांगायला हवं.

कामाचा कुठलाही प्रोग्रॅम उघडला की वरच्या कडेला एक पट्टी दिसते. तिच्यावर पाच-सहा शब्द असतात. एका शब्दावर टिचकी मारली की खाली ओळींची यादी उतरते: नवीन नोंद, जुनी नोंद शोधा, छापा, बंद करा. हा मेन्यू. त्या ओळींमागे कोणीतरी प्रोग्रॅम लिहिलेला असतो, पण माणसाला दिसते ती ओळ. आम्ही ज्या साधनावर काम करायचो त्यात ही पट्टी हाताने मांडता यायची. समोर कोरी खिडकी असायची, तिच्यावर रिकामी पट्टी ओढून आणून सोडायची. पट्टीवर "इथे लिहा" असा चौकोन यायचा. त्यात शब्द लिहिला की शेजारी एक आणि खाली एक असे आणखी दोन रिकामे चौकोन उगवायचे. एखादी ओळ वर न्यायची असेल तर माऊसने धरायची, वर ओढायची, सोडायची. तिच्यामागचा प्रोग्रॅम तिला चिकटून तिच्याबरोबर जायचा. आत काहीही मोडत नसे. हे सगळं अर्ध्या सेकंदाचं काम.

अवघड असायचं ते ठरवणं. कोणती ओळ कुठे, कोणत्या शब्दाखाली, कोणती कोणाच्या शेजारी. सिकंदराबादचा एक बियाण्यांचा व्यापारी होता, त्याला सगळ्या ओळी एकाच यादीत हव्या होत्या. "उघडलं की सगळं दिसलं पाहिजे अम्मा," म्हणायचा. केली तशी यादी. ती पडद्याच्या तळाखाली निघून गेली, आणि शेवटच्या ओळी कोणालाच दिसेनात. तेव्हा कुठे तो नमला. असल्या माणसांशी वर्षानुवर्षं हुज्जत घालून माझा या कामात हात बसला होता. माझ्या प्रोग्रॅमवर बसलेल्या नवख्या माणसाला फार शिकवावं लागत नसे. याचा मला अभिमान होता, आणि तो मी लपवतही नसे.

अंबरपेठेत एक खाजगी दवाखाना होता. त्यांच्या भरती झालेल्या रुग्णांचा प्रोग्रॅम आमच्या कंपनीने केला होता आणि मेन्यू माझे होते. पाच-सहा वर्षं तो विनातक्रार चालू होता. मग त्यांना एक नवी ओळ हवी झाली: रुग्ण दुसऱ्या दवाखान्यात पाठवला तर त्याची नोंद करण्यासाठी, "रेफर". ती टाकायला मी मेन्यू उघडला. रुग्णाची स्थिती बदलायची यादी इंग्रजीत होती आणि तिचा क्रम असा होता: अ‍ॅडमिशन, चेंज वॉर्ड, डिस्चार्ज, शेवटी एक रेघ आणि रेघेखाली डेथ. मी "रेफर" लिहिलं आणि सहज वाटलं, या ओळी इंग्रजी मुळाक्षरांप्रमाणे लावल्या तर छान दिसेल. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका ग्राहकाचे मेन्यू मी तसे लावले होते आणि ते मला फार आवडले होते. मी "डेथ" धरली, वर ओढली, सोडली. मुळाक्षरांत डेथ ही डिस्चार्जच्या आधी येते. म्हणजे डिस्चार्ज तिसरी होती ती चौथी झाली, आणि तिसऱ्या जागी डेथ आली. रेघ काढून टाकली. मला कोणी हे करायला सांगितलं नव्हतं. मी कोणाला विचारलंही नाही, कारण यात विचारण्यासारखं काही आहे असंच मला वाटलं नाही.

पंधरा दिवसांनी यादगिरी नावाचा एक गवंडी टाके काढायला त्या दवाखान्यात आला. काउंटरवर त्याचा नंबर घातला, तर तो मेलेला निघाला. म्हणजे कंप्युटरमध्ये. मेलेल्या माणसाला तपासणीची चिठ्ठी निघत नाही, तशी सोय मीच केली होती. तो गृहस्थ शांतपणे म्हणाला, "मैं मर गया तो ये टाके कौन काटेंगा?" सगळे हसले, नोंद दुरुस्त केली, टाके काढले. आम्हाला कोणी कळवलंही नाही.

दुसऱ्या वेळी मात्र कोणी हसलं नाही. मृत्यूची नोंद झाली की रुग्णाने भरती होताना दिलेल्या मोबाईलवर दवाखान्याकडून शोकसंदेश आपोआप जायचा. एक बाळंतीण तीन दिवसांची मुलगी घेऊन घरी गेली. तिचा नवरा ट्रक चालवायचा, तो त्या दिवशी विजयवाड्याच्या रस्त्यावर होता. त्याला संदेश गेला. घरी फोन केला तर बायकोचा फोन बंद. बाळ झोपलंय म्हणून तिने बंद ठेवला होता. तो ट्रक रस्त्याच्या कडेला तसाच टाकून बसने परत आला. पाच तासांचा प्रवास. घरात शिरला तेव्हा ती जेवत होती. दुसऱ्या दिवशी तो दवाखान्यात आला तो भांडायला आला असणार अशी सगळ्यांची समजूत झाली. पण तो काउंटरसमोरच्या बाकड्यावर नुसता बसून राहिला. "कौन लिखा? मेरेकू खाली उसका मूँ देखना है," लिहिणाऱ्याचं फक्त तोंड बघायचंय, एवढंच म्हणत होता. हे मला नंतर कळलं.

आमचे साहेब श्रीनिवास, तेलुगू रीतीने श्रीनिवासगारू, माझ्या टेबलाशी आले. "वंदनागारू, तुमचा प्रोग्रॅम जिवंत माणसांना मारतोय. जाऊन बघा."

मी गेले. सुपरिंटेंडेंट साहेबांनी मला कागद दाखवला. तीन नोंदी चुकल्या होत्या. तिन्ही डिस्चार्जच्या काउंटरवरून, तिन्ही नरेश नावाच्या क्लार्कच्या नावावर. नरेश तिशीतला, घरी दोन मुलं, बोलायला अगदी मऊ. त्याला घरी बसायला सांगायचं जवळजवळ ठरलं होतं. चौकशी तेवढी व्हायची होती. तो हात जोडून म्हणत होता, "मॅडम, मी दिवसाला वीस डिस्चार्ज करतो. वीसच्या वीस बरोबर करतो. हे तीन मी केलेच नाहीत." पण कंप्युटरमध्ये त्याचं नाव होतं.

मी आत बघितलं. प्रोग्रॅममध्ये चूक नव्हती. डिस्चार्ज दाबलं की डिस्चार्जच व्हायचं, डेथ दाबली की डेथ. पन्नास वेळा करून पाहिलं. मग वेळा पाहिल्या. तिन्ही नोंदी दुपारी एक ते दोनच्या मधल्या. मला वाटलं, सापडलं. त्या वेळेला यंत्रात काहीतरी होत असेल, जेवणाच्या सुट्टीत कुठला तरी दुसरा प्रोग्रॅम चालू होत असेल. दोन दिवस मी ते शोधत बसले. काही नव्हतं. माझ्या स्वतःच्या कामावरचा माझा विश्वास डळमळायला लागला. जी वस्तू आपण ओळ न् ओळ हाताने मांडली, ती आपल्यामागे काहीतरी भलतंच करते आहे आणि आपण समोर बसलो की निमूट वागते आहे, असं वाटायला लागलं.

तिसऱ्या दिवशी मी खुर्ची घेऊन काउंटरच्या मागेच बसले. एक वाजता नरेश डबा घेऊन उठला. तो गेला की शेजारच्या भरतीच्या काउंटरवरच्या रजिया आपा त्याच्या खुर्चीत यायच्या. मला हे ठाऊकच नव्हतं. कंप्युटर नरेशच्या नावाने उघडा राहायचा आणि तासाभरात एखादा डिस्चार्ज आलाच तर आपा करून टाकायच्या. इतकी वर्षं असंच चालत होतं, त्यामुळे ते कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. नरेशच्याही नाही.

आपा त्या दवाखान्यातल्या सगळ्यात जुन्या. पन्नाशी ओलांडलेल्या, ताठ बसणाऱ्या, कामाला वाघ. नवीन आलेल्या मुली त्यांना वचकून असत. भरतीच्या काउंटरवर त्या कधी चुकल्याचं कोणाला आठवत नव्हतं.

एक म्हातारे गृहस्थ वॉर्डातली चिठ्ठी घेऊन खिडकीशी आले. आपांनी चिठ्ठी घेतली नाही. "नंबर बोलो चचा," म्हणाल्या. त्यांनी नंबर वाचला, आपांनी तो न बघता टाइप केला. झरझर. मग डाव्या अंगठ्याने की-बोर्डची एक कळ दाबली, मेन्यू उघडला, आणि उजव्या बोटाने खाली जायची कळ दाबायला लागल्या. त्यांचे ओठ हलत होते. एक, दो, तीन. नजर पडद्यावर नव्हती, चचांच्याही चेहऱ्यावर नव्हती, मधेच कुठेतरी होती.

पडद्यावर तिसरी ओळ निळी झाली होती. डेथ.

त्यांचं बोट पुढच्या कळेवर गेलं. मी म्हटलं, "आपा, थांबा."

त्या थांबल्या. मी पुढे झाले आणि एकदा खालची कळ दाबली. निळा पट्टा डिस्चार्जवर आला. "हं, आता करा." त्यांनी केलं. "चचा, जा, हो गया," म्हणाल्या. मग हात मांडीवर घेतले आणि माझ्याकडे वळल्या. मान नेमकी माझ्याकडे वळवायला त्यांना एक क्षण लागला. तेवढ्यात मला बाकीचं कळलं.

दवाखान्याच्या गच्चीवर चादरी वाळत घातलेल्या असत. नरेश परत आल्यावर आम्ही तिथे गेलो. जिना चढताना आपा कठडा सोडत नव्हत्या. त्या दखनी उर्दूत बोलायच्या, मी इथे बरंचसं मराठीत लिहिते.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन साल. जास्तीच." त्या म्हणाल्या. "समोरचं दिसतं. नळीतून पाहिल्यासारखं. नळीच्या बाहेर काहीच नाही. तो माऊसचा बाण पडद्यावर कुठे हरवतो, मला सापडतच नाही. मग मी मोजायला लागले. भरतीचं एकदा खाली, वॉर्डचं दोनदा. सगळं मोजून ठेवलंय."

"डोळे दाखवले?"

"कुठे दाखवू? इथेच खाली डोळ्यांचे डॉक्टर बसतात. त्यांना दाखवलं तर संध्याकाळपर्यंत वरती कळेल. दुसरीकडे गेले तर ते कागद देणार, रजा घ्या म्हणणार." मग म्हणाल्या, "यास्मिनचा नर्सिंगचा कोर्स संपू दे. आठ महिने राहिलेत. बाद में सब दिखाती मैं."

यास्मिन त्यांची मुलगी. नवरा वारला होता. घरात कमावणाऱ्या त्या एकट्या.

"आणि नरेश?"

"नरेशची नोकरी जायची वेळ आली तर मी सांगून टाकीन. हौ, सांगीन. पण मला खरंच माहीत नव्हतं हे माझ्याकडून होतंय. मला वाटलं नरेशच गडबडलाय. माझं तर मोजलेलं होतं." मग त्यांनी विचारलं, "मोजणं चुकलं कसं माझं?"

हा प्रश्न त्यांनी मला विचारला कारण मी कंप्युटरची बाई होते. मी त्यांना सांगितलं. मेन्यू मी बदलला. छान दिसावा म्हणून.

त्यांनी ते ऐकून घेतलं. रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. "पहले बताना था," एवढंच म्हणाल्या. आणि माझा दंड धरून जिन्याकडे निघाल्या.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी आधी जुना क्रम परत लावला. अर्धा सेकंद लागला. मग पुन्हा रेघ घातली आणि डेथ रेघेखाली नेली. एवढ्यावर थांबले नाही. आतापर्यंत काहीही निवडलं तरी "बदल करायचा का? हो, नाही" असं एकच वाक्य यायचं आणि लोक सवयीने हो म्हणायचे. मृत्यूची नोंद करताना डॉक्टरांचा नोंदणी नंबर टाइप केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, असं करून टाकलं. हे मी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. पाच-सहा वर्षं माझं ते अर्धवट काम चालत राहिलं ते केवळ डेथ रेघेखाली होती म्हणून.

मग सुपरिंटेंडेंट साहेबांच्या खोलीत बैठक झाली. मी, श्रीनिवासगारू आणि भिंतीशी उभा असलेला नरेश. वाटेत रिक्षात श्रीनिवासगारूंनी बजावलं होतं, "प्रोग्रॅम तपासला, प्रोग्रॅम ठीक आहे, एवढंच बोलायचं." ते खोटं नव्हतं. पण मी म्हटलं, "साहेब, चूक माझी आहे. मी ओळींचा क्रम बदलला, कोणाला विचारलं नाही, कोणाला कळवलं नाही."

श्रीनिवासगारू खिडकीकडे बघायला लागले.

सुपरिंटेंडेंट साहेब हुशार माणूस. त्यांनी विचारलं, "क्रम तर सगळ्यांचाच बदलला. मग बाकीच्या कोणाकडून का नाही झालं?"

या प्रश्नाचं उत्तर मी रात्रभर तयार केलं होतं. "बाकीचे माऊस वापरतात. बघून टिचकी मारतात. जो जुना माणूस की-बोर्डवर भराभर काम करतो, त्याचा हात क्रम लक्षात ठेवतो. त्याची चूक होणारच. ती त्याची चूक नाही."

यातला शब्द न् शब्द खरा होता. साहेबांनी नरेशकडे पाहिलं. "म्हणजे तू की-बोर्डवर करतोस."

नरेशने माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं. "जी सर," तो म्हणाला.

त्याला ताकीद देऊन सोडलं. त्या ट्रकवाल्याला साहेबांनी स्वतः बोलावून माफी मागितली. मीही तिथे होते. त्याला मूँ बघायचं होतं ना, म्हणून मी म्हटलं, "मी लिहिलं होतं." त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, काहीतरी बोलेल. त्याने मान हलवली आणि "बच्ची अच्छी है," असं म्हणून निघून गेला. मला त्याचा अर्थ तेव्हाही कळला नाही.

खाली फाटकाशी नरेश थांबला होता. "मॅडम, मी तर माऊसच वापरतो."

"माहीत आहे," मी म्हटलं.

त्याने पुढे विचारलं नाही. त्याला कळलं होतं की नाही, कुणास ठाऊक. मात्र त्या दिवसापासून तो जेवायला जाताना कंप्युटर बंद करून जायला लागला, आणि एक ते दोन डिस्चार्ज थांबून राहायला लागले.

कंपनीत मला त्या दवाखान्याच्या कामावरून काढलं. वर्षभर मी दुसऱ्यांचे प्रोग्रॅम तपासत बसले. श्रीनिवासगारू वाईट नव्हते. एकदा चहा पिताना म्हणाले, "तुम्ही खरं बोललात म्हणून नाही काढलं. मला आधी सांगितलं नाहीत म्हणून." त्यांनाही मी अर्धंच सांगितलं होतं, हे त्यांना कधी कळलं नाही.

दवाखान्याचं काम सुटलं तेव्हा मी आपांकडून वचन घेतलं होतं, डोळे दाखवायचे. "दिखाती बेटी," म्हणाल्या. पुढे दोनदा फोन केला. दोन्ही वेळा "दिखाती". तिसऱ्यांदा मी केला नाही. का केला नाही हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. काम बदललं होतं, माझ्या मुलीची दहावी होती, हे सगळं खरं. पण खरं सांगायचं तर मला वाटत होतं, माझं झालं. क्रम परत लावला, नोकऱ्या वाचल्या, सगळं जागच्या जागी आलं.

वर्षाने काचीगुड्याच्या भाजीबाजारात नरेश भेटला. गवार निवडत होता. त्याने सहज सांगितलं, "आपांनी नोकरी सोडली. दवाखान्याच्या जिन्यावरून पडल्या. मग डोळे तपासले. काचबिंदू निघाला. एक डोळा गेला म्हणतात."

काचबिंदूबद्दल तेव्हा मला एवढंच माहीत होतं की तो वाईट. घरी येऊन वाचलं. गेलेली नजर परत येत नाही. पण औषधाचे थेंब वेळेवर सुरू केले तर पुष्कळांची पुढची वाचते. वेळेवर म्हणजे ज्या दिवशी मी गच्चीवर चादरींमध्ये उभी होते, त्या दिवशी. ज्या इमारतीत डोळ्यांचे डॉक्टर खालच्या मजल्यावर बसलेले होते, त्या इमारतीत.

मी आपांच्या घरी गेले. यास्मिनने दार उघडलं, पांढऱ्या गणवेशात होती, ड्यूटीवर निघाली होती. कोर्स संपला होता. आपांनी आवाजावरून ओळखलं आणि मला पलंगावर शेजारी बसवून घेतलं. इकडचं तिकडचं बोलून झालं. मग मी जे विचारायला आले होते ते विचारलं. "आपा, मी तेव्हा साहेबांना सगळं सांगून टाकलं असतं तर?"

"तर मी तुला या घरात पाऊल ठेवू दिलं नसतं."

"आणि डोळा?"

"डोळा राहिला असता कदाचित." हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं, समजूतही घातली नाही. मग म्हणाल्या, "दुसऱ्या डोळ्यासाठी गुरुवारी जायचंय. यास्मिनला सुट्टी नाही. येतेस?"

गुरुवारी मी त्यांना घेऊन गेले. हा दवाखाना दुसरा होता, कोणी ओळखीचं नव्हतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, तेलुगू आणि हिंदी मिसळून बोलत होत्या. त्यांनी यंत्रातून बराच वेळ डोळा पाहिला. मग खुर्ची मागे घेतली आणि जरा कडक आवाजात विचारलं, "इतके दिवस काय करत होता? तुम्हाला त्रास होतोय हे कोणाच्याच लक्षात आलं नाही? घरात, कामावर, कोणाच्याच?"

मी तोंड उघडलं.

आपांचा हात माझ्या मनगटावर आला. त्यांना मी नेमकी कुठे बसले आहे ते दिसत नव्हतं, तरी हात बरोबर आला. "किसीकू नै मालूम था," त्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली आणि कागदावर लिहायला लागल्या. आपांनी हात काढला नाही. मी तोंड मिटलं, आणि डॉक्टरीणबाई थेंब केव्हा केव्हा घालायचे ते सांगायला लागल्या तेव्हा ऐकून घ्यायला लागले, कारण ते लक्षात ठेवायचं काम आता माझं होतं.